आमच्या लायब्ररीचीपण यादी छापा : लव्हस्टोरी, मर्डर आणि प्रार्थना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

वर्ष संपताना तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचायलाच हवी अशा पुस्तकांची यादी आली होती, ती मी कापून आमच्या लायब्ररीच्या दारावर चिकटवली आणि दोन आठवडे वाट पाहिली की कोणी त्यातलं एखादं मागते का. कोणी नाही मागितलं. एक आजोबा तेवढे थांबले, पूर्ण यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, याच्यातल्या कोण्या पुस्तकात मर्डर हाय?" मी परत वरून खालपर्यंत पाहिलं, एकातही नव्हता. सगळी पुस्तकं चांगलीच असतील, माझं काही म्हणणं नाही, पण साहेब, दिवसभर तूर सोंगून आलेला माणूस रात्री खाटेवर पडून काय वाचते हे तुमच्या यादी करणाऱ्याला कोणी विचारलंच नाही असं वाटते, म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावी ड वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय सांभाळते. ड वर्ग म्हणजे सगळ्यात शेवटचा, 1967 च्या ग्रंथालय कायद्यात बसणारा पण बसताना जागा शोधावी लागते असा. एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक पंखा जो लाईन असली की फिरते. आणि एक रजिस्टर, जे मी रोज भरते, आणि त्या रजिस्टरावरून सांगते की आमच्या गावात तीन गोष्टी चालतात. प्रेमाची गोष्ट, खुनाची गोष्ट आणि देवाधर्माची गोष्ट. देवाधर्माची पुस्तकं सगळेच उघड नेतात, खुनाची पुरुष उघड नेतात, प्रेमाची मात्र सगळे पिशवीत टाकून नेतात.

खुनाचं आधी आटपते. बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड, आमच्याकडं ज्या आहेत त्यांची पानं पापडासारखी झाली तरी फिरतात. बाबूराव 1906 चे, गेले 1996 मध्ये, हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसानं आणि आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना काळा पहाड म्हटलं की डोळ्यात चमक येते. सुहास शिरवळकर म्हटलं की 2013 च्या पिक्चरमुळं पोट्ट्यांना फक्त 'दुनियादारी' माहीत असते, मी त्यांना मुद्दाम दारा बुलंद आणि अमर विश्वासची पुस्तकं देते, दुसऱ्या दिवशी परत येतात. एकच तक्रार आहे, आमच्या गावात कोणीतरी एक जण आहे जो रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून ठेवते. तीन वर्षं झाली, मला तो माणूस सापडला नाही. खोडरबर घेऊनच बसते मी.

प्रेमाच्या कादंबरीचं असं की ती वाचणारे सगळे आणि कबूल करणारं कोणीच नाही. ही लपवाछपवी काही आजची नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या एका दिवाळी अंकात आली तर अश्लील म्हणून केस झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि 1969 मध्ये कोर्टानं त्यांना सोडलं. म्हणजे दिल्लीच्या जजसाहेबांनीसुद्धा आपली मराठी लव्हस्टोरी बसून वाचली, आणि आमच्याकडच्या बाया अजून ती गव्हाच्या कोठीत लपवतात. आमची एक वाचक तर कादंबरीला 'ग्रामगीते'चं कव्हर घालून नेत होती, सासूबाईंनी एक दिवस मोठ्यानं वाचून दाखव म्हटलं तेव्हा काय झालं ते इथं लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. ह्या तिन्ही गोष्टी एकाच पुस्तकात मिळतात हे मला चार वर्षांआधी माहीत नव्हतं. आमच्या गावात एक सिस्टरबाई राहतात, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झाल्या, ख्रिश्चन आहेत. यवतमाळ म्हटलं की लोकांना कापूस आठवते पण 1953 पासून 1983 पर्यंत ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवायचं मोठं सेमिनरी यवतमाळलाच होतं, मग ते पुण्याला गेलं, तर इंग्रजी पुस्तकं वाचायची सवय त्यांना तेव्हापासूनची. त्यांची भाची अमेरिकेत नर्स आहे, ती येताना कादंबऱ्या आणते. असं एक खोकंभर त्यांनी लायब्ररीला दिलं आणि म्हणाल्या, "वाच, भिऊ नको, सोपी इंग्रजी हाय." मी बारावी आहे, फोनवर अर्थ पाहत पाहत पहिली कादंबरी वाचायला मला दीड महिना लागला. आता आठ दिवसात होते.

तिकडं ह्याला ख्रिश्चन फिक्शन म्हणतात आणि त्याचा मोठा धंदा आहे. आपल्याकडं एसटी स्टँडवर जी मिल्स अँड बून मिळायची ती ज्या हार्लेक्विन कंपनीची, त्यांनीच 1997 मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' नावाची वेगळी लाईन काढली, पुढं त्यात सस्पेन्सची आणखी वेगळी. ह्यात प्रेम असते, भांडण असते, खून असते, पिस्तूल असते, पण शिव्या नाहीत आणि बेडरूमचं दार वाचकाच्या तोंडावर लागून जाते. आणि माणसं देवाशी बोलतात, रागावतातसुद्धा. आपल्या आया नाही का गजानन महाराजाच्या फोटोसमोर उभ्या राहून "मी तुझं काय घोडं मारलं" म्हणत, तसंच.

आमच्या बाया इंग्रजी वाचत नाहीत. मग ह्या कादंबऱ्या गावात पसरल्या कशा तर कापसाच्या वेचणीत. सिस्टरबाईंचं दोन एकर आहे, मीपण सुटीच्या दिवशी वेचायला जाते, ओटी बांधली की हात आपोआप चालतात आणि तोंड रिकामं असते. एक दिवस कोणीतरी म्हटलं, सिस्टरबाई थे खोक्यातली गोष्ट सांगा ना. त्यांनी जॅनेट ओक ह्यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' काढली, 1979 ची आहे, आणि ह्या प्रकारच्या कादंबऱ्यांना खरा बाजार मिळाला तो हिच्यापासून असं म्हणतात. गोष्ट जुन्या काळची आहे, घोडागाडीच्या तांड्यानं लोकं पश्चिमेकडं जमीन शोधायला जात तेव्हाची. मार्टी नावाची कोवळी पोरगी नवऱ्यासोबत निघते, नवरा वाटेत मरते, ही एकटी, पोटात लेकरू, हाती पैसा नाही. आणि मातीच्याच दिवशी एक अनोळखी माणूस येऊन म्हणते माझ्याशी लग्न कर, माझी बायको गेली, लहान पोरगी आहे, तिला आई पाहिजे. नुसतं नावाला लग्न, हिवाळाभर राहा, वसंतात तांडा वापस जाईल तेव्हा जायचं असलं तर तुझं भाडं मी भरतो.

त्या माणसाचं नाव क्लार्क. इथं गोष्ट पंधरा मिनिटं अडकली. "शेती करते अन् क्लार्क कसा? कोण्या ऑफिसात?" नाव आहे बाई ते त्याचं, नाव. "आईबापानं क्लार्क नाव ठेवलं? मंग साहेब काहून नाई ठेवलं?" हसून हसून कापूस सांडला. मार्टीला स्वैपाक येत नाही, रोज सकाळ संध्याकाळ पॅनकेक, म्हणजे आपली धिरडीच समजा, आणि तो बिचारा न बोलता खाते, ह्याच्यावर तर प्रत्येकीनं आपआपल्या नवऱ्याचं एक एक काढलं.

पण मग गोष्ट पुढं गेली आणि बाया शांत होत गेल्या. त्या वेचणीत एक आहे, सत्ताविसाची असेल, नवरा गेला, कशानं गेला ते आपल्या भागात विचारायची पद्धत नाही कारण सगळ्यांना माहीत असते. दोन लेकरं. ती हसण्यात नव्हती आणि बोलण्यातही नव्हती. संध्याकाळी धुऱ्यावर गाठोडी बांधताना तिनं सिस्टरबाईंना हळूच विचारलं, "मंग थे वसंतात गेली का वापस?" सिस्टरबाई म्हणाल्या, उद्या ये, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वावरात होती.

मी तुम्हालाही नाही सांगणार ती गेली का नाही. पण ही कादंबरी मी शिफारस करून ठेवते, आणि मराठीत आणली कोणी तर पहिली प्रत आमच्या लायब्ररीला.

आजच्या काळातलं पाहिजे असलं तर डी हेंडरसन ह्यांची ओ'मॅली मालिका घ्या. सात अनाथ पोरं, एका अनाथाश्रमात वाढलेली, मोठी झाल्यावर स्वतःच ठरवतात की आपण बहीणभाऊ आणि सगळे एकच आडनाव लावतात. पुढं प्रत्येकाची एक कादंबरी. कोणी मार्शल, कोणी आग विझवणारा, कोणी मुडदे तपासणारी डॉक्टर. सुरुवात 'द निगोशिएटर'पासून करा, त्यातली केट पोलिसात आहे, कोणी माणसं ओलीस धरली की ही जाऊन त्याच्याशी बोलते, नुसतं बोलून बोलून बंदूक खाली ठेवायला लावते. आमच्या गावात असं काम पोलीस पाटलाची बायको करते, फुकटात.

ह्याच पुस्तकावर आमच्यात वादसुद्धा झाला. त्यातला हिरो एफबीआयचा, केटवर प्रेम आहे पण ती देव मानत नाही म्हणून तो पुढं पाऊल टाकत नाही. तर आमच्यातली एक म्हणे, "म्हंजे तिकडंबी पाहूनच लगन लावते? मंग आपल्यात अन् त्यायच्यात काय फरक?" सिस्टरबाई जरा गप झाल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या बायबलात तसं सांगितलंय, जातीचं नाही विश्वासाचं आहे. मला ते पूर्ण पटलं नाही, अजूनही पटत नाही, पण एका लव्हस्टोरीवरून वावरात एवढी चर्चा झाली, ग्रामसभेत होत नाही तेवढी.

नुसता सस्पेन्स पाहिजे तर टेरी ब्लॅकस्टॉक. ह्या बाईंनी आधी साध्या रोमान्स कादंबऱ्या दुसऱ्या नावानं लिहिल्या, मग ते सोडून हा रस्ता धरला. 'इफ आय रन' म्हणून 2016 ची आहे, त्यात केसी नावाच्या पोरीच्या मित्राचा खून होतो, तिथं सगळीकडं हिचेच ठसे आणि हिचंच ते डीएनए का काय, आणि ही पळते. तिला शोधायला पाठवतात तो डिलन, फौजेतून आलेला, लढाईचं डोक्यातून न गेलेला, रात्री झोप नाही. आणि जसजसा माग काढत जाते तसं त्याला वाटायला लागते की ही खुनी नसावीच. एक प्रकरण ती सांगते, एक तो सांगते. यादीत मर्डर शोधणाऱ्या त्या आजोबांना मी ही रोज एक प्रकरण मराठीत सांगत होते, ते चहा पिऊन आल्यावर पाटी घेऊन बसलेल्या शाळकरी पोरासारखे बसत.

फक्त प्रेमाचं, हलकंफुलकं पाहिजे तर बेकी वेड ह्यांची 'ट्रू टू यू' बरी आहे, त्यातली नोरा लोकांच्या वंशावळी शोधून देते. आपल्याकडं भाट येऊन पोथी उघडून सात पिढ्या वाचायचे तेच काम, पण कॉम्प्युटरवर.

आणि एक जपून द्यायची. फ्रान्सीन रिव्हर्स ह्यांची 'रिडीमिंग लव्ह', 1991 ची, तिच्यावर 2022 मध्ये पिक्चरही निघाला. बायबलाच्या जुन्या करारात होशेय नावाचा संदेष्टा आहे, त्याची बायको गोमर त्याला सोडून सोडून जाते आणि तो तिला परत परत आणते, ती गोष्ट ह्या बाईंनी सोन्याच्या खाणीच्या काळातल्या कॅलिफोर्नियात नेऊन ठेवली. नायिकेला लहानपणीच वेश्येच्या धंद्यात विकलेलं असते. मी ही शाळकरी पोरींना देत नाही, लग्न झालेल्यांना देते, आणि देतानाच सांगते की मधली काही पानं जड जातील. मला स्वतःला तो नवरा जरा जास्तच देवमाणूस वाटला. असा माणूस मी तरी दारव्हा तालुक्यात पाहिला नाही.

तसे दोष सगळ्याच ह्या पुस्तकांत आहेत, मी काही वकील नाही त्यांची. कितीतरी पुस्तकांत गोष्ट रंगात आली की कोणीतरी दोन पानांचं प्रवचन सुरू करते आणि खुनी दाराशी उभा असते बिचारा वाट पाहत. शेवटच्या प्रकरणात सगळेच सुधरतात. आणि हिरोइन कितीही रात्र जागली तरी सुंदरच दिसते, आम्ही एक रात्र गव्हाला पाणी द्यायला गेलो तर सकाळी ओळखू येत नाही.

पण ह्या कारणांवरून नाही, दुसऱ्याच कारणावरून आमच्या लायब्ररीच्या मीटिंगमध्ये ओरड झाली. एक सभासद म्हणाले, "हे ख्रिश्चनायचे पुस्तकं आपल्या ग्रंथालयात काहून? हा प्रचार होय." मी कपाटातून एक पातळ पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, 'यमुनापर्यटन'. म्हटलं भाऊ, हे 1857 चं आहे, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पोट्टे परीक्षेत हिचंच नाव लिहितात, आणि लिहिणारे बाबा पदमनजी कोण होते, ख्रिस्ती झालेले. कादंबरी कशावर, तर विधवांच्या हालावर. त्यातली यमुना नवऱ्यासोबत गावोगाव फिरते, ठिकठिकाणच्या विधवांची दशा पाहते, आणि मनातल्या मनात ख्रिस्ताची प्रार्थना करते. म्हणजे मराठी कादंबरी जन्मलीच ती प्रार्थना करत. ही बाहेर टाकायची असली तर पहिली कादंबरी कोणती ते दुसरं उत्तर शोधून ठेवा, एमपीएससीवाले विचारतील.

मग थोडं जास्तच बोलून गेले मी. ना. वा. टिळकांचं सांगितलं, की आपल्या नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार दिला आणि तिथून सगळं सुरू झालं. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागं राहिल्या, रडल्या, भांडल्या, काही वर्षांनी स्वतःच्या मनानं त्याही त्या धर्मात गेल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, पण साहेब त्याच्याएवढी नवराबायकोची लव्हस्टोरी मराठीत दुसरी कोणी लिहिली असली तर दाखवा. रुसवे, वेंधळेपणा, देवावरून भांडण, सगळं आहे. इंग्रजी न येणाऱ्यांना मी आधी तेच देते. आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते, तेव्हा मराठीनं काही कोणाला धर्म विचारून दारात उभं नाही ठेवलं. ते सभासद काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मिसेसनी निरोप पाठवला की क्लार्कची गोष्ट संपली असेल तर पहिल्यापासून परत सांगा, मी नव्हते.

तर माझी विनंती इतकीच की तुमच्या पुरवणीत वर्षातून एकदा तरी अशा पुस्तकांची यादी छापा, लाजू नका. आणि लिहिणाऱ्यांना सांगा. आमच्याकडं वाशीमला, यवतमाळला, अचलपूरकडं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती कुटुंबं आहेत, नाताळाला करंज्या आणि चकल्या करणारी, वऱ्हाडी बोलणारी, चर्चमध्ये मराठीत गाणारी. आजच्या काळातल्या अशा घरातली एक साधी लव्हस्टोरी, त्यात वाटलं तर एखादा मर्डर, जिनिंगमध्ये करा, कापसाच्या गंजीत मुडदा सापडू द्या, पण गोष्ट आपली. मी शोधून राहिली आहे, माझ्या हाती अजून लागली नाही. कोणी लिहिली असेल तर कळवा, आधी विकत घेईन मग अनुदानाचं पाहू.

जाता जाता एक काम. टेरी ब्लॅकस्टॉकची ती पळणाऱ्या पोरीची गोष्ट तीन भागात आहे. सिस्टरबाईंच्या खोक्यात पहिला आणि दुसरा भाग होता, तिसरा 'इफ आय लिव्ह' नाही. भाची ह्या वर्षी येत नाही. लेक म्हणते फोनवर घेऊन देते, पण सिस्टरबाईंना कागदच पाहिजे, डोळे दुखतात म्हणे. इकडं आजोबा रोज दुपारी येऊन बसतात आणि केसी अजून फरार आहे. तुमच्या वाचकांपैकी कोणाकडं तिसरा भाग असला तर तुमच्या ऑफिसात कळवावं, येण्याजाण्याचा पोस्टाचा खर्च आम्ही देऊ, पुस्तक पंधरा दिवसात जसंच्या तसं वापस करू. फक्त पहिल्या पानावर पेन्सिलनं काही लिहून पाठवू नका.

आपली नियमित वाचक,
एक ग्रंथपाल
ता. दारव्हा, जि. यवतमाळ